पवनचक्की, सिरीज कपॅसिटर आणि २८ हर्ट्झचं दोलन: प्रयोगशाळेतल्या नोंदी

४ जानेवारी २०२५

ऑक्टोबर २००९ मध्ये दक्षिण टेक्सासात ३४५ केव्हीच्या एका लाइनवर फॉल्ट (शॉर्टसर्किटसारखा बिघाड) आला आणि ती ट्रिप झाली, म्हणजे आपोआप तुटली. त्यानंतर तिथले पवन प्रकल्प उरले ते सिरीज कपॅसिटर (लाइनची वहनक्षमता वाढवायला तिच्या वाटेतच घातलेले कपॅसिटर) बसवलेल्या एकाच लाइनच्या टोकाला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत प्रवाह आणि व्होल्टेज फुगत गेले. चक्क्यांमधली क्रोबार सर्किट (जादा प्रवाहापासून कन्व्हर्टर वाचवणारी) जळाली, कपॅसिटर बँकेचंही नुकसान झालं. फॉल्ट साधा होता आणि तो वेळेत तुटलाही होता. नुकसान झालं ते त्यानंतर, कपॅसिटर आणि चक्क्या यांच्यात सुरू झालेल्या दोलनामुळे, म्हणजे प्रवाहाच्या वाढत जाणाऱ्या हेलकाव्यांमुळे.

हे मुलांना फळ्यावर शिकवता येतं, पण पटत नाही. म्हणून यंदाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ठरवलं की हेच दोलन मशीन लॅबमध्ये उभं करायचं, मोजायचं आणि मग बंद करून दाखवायचं. सामान बहुतेक कॉलेजांत असतंच: डीसी शंट मोटरला जोडलेली स्लिपरिंग मोटर (जिच्या रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची, वायंडिंग कड्यांमधून बाहेर जोडता येते). आमची स्लिपरिंग ५ एचपी, ४१५ व्होल्ट, चार पोलची आहे. डीसी मोटर म्हणजे वारा, स्लिपरिंग म्हणजे चक्कीचा जनरेटर, मधला चोक (तारेचं वेटोळं) म्हणजे लाइन आणि तीन फेजचा डायमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) म्हणजे ग्रिड.

या प्रकारच्या चक्कीत रोटरला कन्व्हर्टर (रोटरचा प्रवाह हवा तसा ठेवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) असतो, आमच्याकडे नाही. पण कन्व्हर्टरच्या करंट कंट्रोलमधला प्रपोर्शनल गेन (प्रवाहातली चूक किती जोराने दुरुस्त करायची तो आकडा) रोटरच्या वाटेत घातलेल्या रेझिस्टन्ससारखा वागतो. त्यामुळे गेनच्या जागी रोटरमध्ये थोडा रेझिस्टन्स घातला तरी मूळ गोष्ट दिसायला हवी. सगळा प्रयोग याच एका विचारावर उभा आहे.

कामाला लागण्याआधी तीन गोष्टी ठरल्या, त्या शेवटपर्यंत मोडल्या नाहीत. डायमरस्टॅट १५० व्होल्टच्या वर न्यायचा नाही. प्रत्येक कपॅसिटर बँकेवर ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर उरलेला चार्ज काढून टाकणारा) असणारच. बँक शॉर्ट करणारा काँटॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) ओव्हरकरंट रिलेवर, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो चालवणाऱ्या रिलेवर, राहील आणि त्याचं पुश बटण एका मुलाच्या हाताशी असेल. दोलन सुरू झाल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

११ जानेवारी

नुसती मोजमापं. स्टेटर (मशीनचा स्थिर भाग) प्रत्येक फेजला १.९ ओम. ब्लॉक्ड रोटर टेस्टमधून (रोटर अडवून) स्टेटर आणि रोटरचा लीकेज रिॲक्टन्स, म्हणजे वेटोळ्यांचा बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, मिळून ७ ओम. रोटर उघडा ठेवून स्टेटरला व्होल्टेज दिलं, तर स्लिपरिंगवर जवळपास निम्मं मिळालं. म्हणजे टर्न्सचं प्रमाण २, आणि रोटरमध्ये घातलेला प्रत्येक ओम स्टेटरकडून ४ ओम दिसणार. हा चार पुढे फार महत्त्वाचा ठरला. ब्रशसकट रोटरचा रेझिस्टन्स स्टेटरकडून २ ओम.

लाइनसाठी तीन चोक कुपवाड एमआयडीसीतल्या एका रिवाइंडिंगवाल्या काकांकडून गुंडाळून घेतले: ५० हर्ट्झला ६ ओम, तारेचा रेझिस्टन्स अर्धा ओम. प्रत्येकी २,८०० रुपये. डायमरस्टॅट आणि जोडण्या धरून आणखी ०.४ ओम. एकूण रिॲक्टन्स १३ ओम, रोटर सोडून रेझिस्टन्स २.८ ओम. हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

१८ जानेवारी

कपॅसिटरवर पैसे वाचवायचे म्हणून मोटर स्टार्ट करायचे इलेक्ट्रोलिटिक घेतले. मोठा मायक्रोफॅरड, कमी किंमत. ते चालले नाहीत, आणि का चालले नाहीत हे समजायला वेळ गेला.

एकाच जोडणीत सकाळी दोलन यायचं, अर्ध्या तासाने यायचं नाही. मुलांना वाटलं ब्रश खराब आहेत, म्हणून ब्रश घासून बसवले. मग वाटलं डायमरस्टॅटचा संपर्क सैल आहे. खरा दोष कपॅसिटरचा होता. या जातीच्या कपॅसिटरमध्ये आतला लॉस मोठा असतो. आमच्या बँकेत तो फेजला साधारण पाव ते अर्धा ओम भरत होता, आणि तापमानाबरोबर बदलत होता. दोलन येणं आणि न येणं यांमधली जी सीमारेषा आम्ही शोधत होतो, तिची रुंदीच तेवढी आहे. म्हणजे दोलन दाबणारा रेझिस्टन्स आम्हीच नकळत आत घातला होता. शिवाय हे कपॅसिटर काही सेकंदांपुरते लाइनवर राहण्यासाठी बनवलेले असतात. एका दोलनात एकाचं सील उघडून आतला द्रव बाहेर आला. बँक पेटीत बंद होती म्हणून कोणाला काही झालं नाही. पेटी हवीच.

सगळे काढून टाकले. ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचे मोटर रन कपॅसिटर मागवले, एका फेजला सोळा, म्हणजे ८०० मायक्रोफॅरड. पुढे लागतील तेही धरून सामान साधारण १३,००० रुपयांचं झालं. या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च हाच. पहिल्यापासून हेच घ्या.

२ फेब्रुवारी

नवी बँक बसली. गणित असं: ८०० मायक्रोफॅरड म्हणजे ५० हर्ट्झला ४ ओम. एकूण रिॲक्टन्स १३, तर अनुनाद (कपॅसिटर आणि वेटोळी मिळून ज्या फ्रीक्वेन्सीला आपोआप डोलतात ती) २७.७ हर्ट्झच्या आसपास. आम्ही रोटर १५३० आरपीएमला चालवतो, म्हणजे विजेच्या भाषेत ५१ हर्ट्झला. २७.७ हर्ट्झच्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र मागे आणि रोटर त्याच्या कितीतरी पुढे पळतोय. त्या प्रवाहापुरतं हे मशीन जनरेटर आहे. स्लिप (रोटर क्षेत्राच्या किती मागे आहे त्याचं प्रमाण) उणे ०.८४, आणि रोटरचे २ ओम तिने भागले की त्या प्रवाहाला उणे २.४ ओम दिसतात. सगळ्या ओमची बेरीज अधिक राहिली तर दोलन विरतं, उणे झाली तर वाढत जातं. लाइन आणि स्टेटरचे अधिक २.८ त्याला पुरून उरतात. म्हणजे रोटर शॉर्ट असताना दोलन यायला नको.

आलं. रोटरमध्ये जोडलेला रिओस्टॅट (कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) शून्यावर होता, तरी काही सेकंदांत प्रवाह फुगायला लागला आणि रिले पडला.

कारण रिओस्टॅट नव्हताच, त्याच्या वायरी होत्या. रिओस्टॅट टेबलाच्या पलीकडे ठेवलेला, १.५ चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरी, आणि वर सरकत्या संपर्काचा स्वतःचा रेझिस्टन्स. चार वायरींच्या पद्धतीने मोजलं तर प्रत्येक फेजला ०.११ ओम. मल्टिमीटरने हे दिसत नाही, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स त्याहून मोठा. पण चारने गुणलं की ०.४४ होतात, आणि बेरीज उणे होण्याआधी रोटरच्या २ ओममध्ये वाढ चालणार होती ती साधारण ०.३५ ओमचीच. स्लिपरिंगच्या टर्मिनलवरच जाड तांब्याच्या पट्टीने शॉर्ट केलं आणि दोलन बंद झालं.

मुलांना मी म्हटलं, ही गोष्ट अहवालात सगळ्यात वर लिहा. खऱ्या चक्कीत हा ०.११ ओम म्हणजे सॉफ्टवेअरमधला एक आकडा असतो. कमिशनिंगच्या वेळी कोणी करंट कंट्रोल जरा चपळ करण्यासाठी गेन वाढवतो. चक्की एकटी तपासली तर ती आधीपेक्षा छान चालते. तिला काय झालंय हे लाइनच्या कपॅसिटरशी गाठ पडल्यावरच कळतं.

यापुढे रिओस्टॅट वापरला नाही. नायक्रोमच्या तारेचे मोजून कापलेले तुकडे थेट टर्मिनलवर.

८ फेब्रुवारी

रोटरमध्ये ०.२५ ओम, म्हणजे स्टेटरकडून १ ओम जास्त. आता बेरीज उणे ०.८ ओमच्या जवळ जाते. दोलन दर वेळी, हमखास. साधारण प्रत्येक ७५ मिलिसेकंदाला त्याची उंची दुप्पट होते.

आज एक घोळ निस्तरला. एक मुलगा क्लॅम्पवरून फेजचा प्रवाह नोंदवत होता, त्याला २८ हर्ट्झ मिळाले. दुसरी मुलगी व्होल्टेज आणि प्रवाहातून पॉवर काढत होती, तिला २२. दोघं आपापली वायरिंग तपासत बसले होते. दोघांचंही बरोबर होतं. फेजच्या प्रवाहात २८ असेल, तर पॉवरमध्ये आणि शाफ्टवरच्या टॉर्कमध्ये ५० वजा २८ दिसतात. नोंद करताना आकडा कुठून घेतला हे लिहिलं नाही, तर दोन अहवाल कधीच जुळणार नाहीत.

शाफ्टवरचे २२ हर्ट्झ कानाला कळतात. कपलिंगचे रबर बुश खडखडतात. इथे मुलांना १ जुलै २०१५ ची शिनजियांगमधल्या हामीची घटना सांगितली. तिथे सिरीज कपॅसिटर नव्हते. पूर्ण कन्व्हर्टरवर चालणाऱ्या चक्क्या कमकुवत ग्रिडशी जोडलेल्या होत्या, तिथून निघालेलं दोलन सुमारे ३०० किलोमीटर दूरच्या औष्णिक केंद्रापर्यंत गेलं. तिथल्या टर्बाइनच्या शाफ्टची पिळवटण्याची एक नैसर्गिक फ्रीक्वेन्सी ३१ हर्ट्झच्या जवळ होती. दोलन तिच्याशी जुळलं आणि संरक्षणाने एकामागून एक तीन संच बंद केले. दोष एका जिल्ह्यात, शाफ्ट दुसऱ्या. आपली चक्की शांत दिसते म्हणून ग्रिड शांत आहे असं धरता येत नाही.

ऑसिलोस्कोपची एक गोष्ट: १०० मिलिसेकंदाची खिडकी घेतली तर स्पेक्ट्रममध्ये १० हर्ट्झची पायरी मिळते, त्यात २८ आणि ३१ वेगळे दिसत नाहीत. किमान एक सेकंद घ्या. त्यासाठी दोलन सावकाश वाढायला हवं, म्हणून मोजताना रोटरमध्ये ०.१ ओमच ठेवा.

१५ फेब्रुवारी

आजपासून बंद करायचे उपाय. सगळ्यात सोपा आधी: कपॅसिटर वाढवले. बँक ८०० वरून १,२०० मायक्रोफॅरड केली आणि दोलन थांबलं, रोटरचे ०.२५ ओम तसेच असताना.

मुलं गोंधळली, कारण त्यांना वाटत होतं कपॅसिटरमुळेच त्रास होतो, मग वाढवल्यावर कमी कसा झाला. सिरीज बँकेत मायक्रोफॅरड वाढले की ओम कमी होतात, म्हणजे कॉम्पेन्सेशन (लाइनचा रिॲक्टन्स खोडून काढणं) कमी होतं. अनुनाद २२.६ हर्ट्झवर उतरला, रोटर त्याच्या मानाने आणखी पुढे पळतोय, स्लिप उणे १.२६, आणि रोटरचे ३ ओम आता फक्त उणे २.४ दिसतात. उलट ५०० मायक्रोफॅरडला रोटर पट्टीने शॉर्ट असतानाही बँक चालू होताच रिले पडतो.

हा उपाय खऱ्या लाइनवर सहसा मिळत नाही. सिरीज कपॅसिटर लाइनची वहनक्षमता वाढवायला बसवलेले असतात. ते कमी करा म्हणणं म्हणजे लाइनच बांधली नसती तरी चाललं असतं म्हणणं. बँक शॉर्ट करणाऱ्या बायपास काँटॅक्टरचंही तसंच. तो सामान वाचवतो, आमचंही त्यानेच वाचवलं. पण त्याला काम पडतं तेव्हा दोलन होऊन गेलेलं असतं.

१ मार्च

मधे शिवजयंतीची सुट्टी, मग युनिट टेस्ट, काम थांबलं होतं.

आजचा उपाय बायपास डॅम्पिंग फिल्टर. सिरीज बँकेच्या दोन टोकांना समांतर एक फांदी: १० ओमचा रेझिस्टर, आणि त्याच्यापुढे एकमेकांना समांतर जोडलेले चोक आणि कपॅसिटर, ५० हर्ट्झला ट्यून केलेले. ५० हर्ट्झला ही जोडी वाट अडवते, म्हणून रेझिस्टरमधून प्रवाह जात नाही आणि रोजचं नुकसान होत नाही. २८ हर्ट्झला ती वाट देते आणि रेझिस्टर कामाला लागतो. ४०० मायक्रोफॅरड आणि २५.३ मिलिहेन्री घेतले, तर २८ हर्ट्झच्या प्रवाहाला सुमारे ५ ओम अधिक रेझिस्टन्स दिसतो. आम्हाला भरून काढायचा आहे एकाच्याही आतला.

पहिले चोक चालले नाहीत. एलसीआर मीटरवर बरोबर २५ दाखवत होते. लॅबमध्ये लावले, दोलन नसतानाही रेझिस्टर हात लावता येणार नाही इतके तापले. रेझिस्टर असा विनाकारण तापला की समजायचं, जोडी ५० हर्ट्झवर ट्यून नाही. मीटर अगदी लहान प्रवाहाने मोजतो. प्रत्यक्ष दोन-अडीच अँपिअर गेले की बिनगॅपचा कोअर (चोकमधला लोखंडी गाभा) सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकीय क्षेत्र पेलत नाही, आणि इंडक्टन्स निम्म्यावर येतो.

चोक परत कुपवाडला. काकांनी टर्न वाढवले, कोअरमध्ये लेदरॉइडच्या (जाड इन्सुलेशन कागदाच्या) पट्ट्या घालून गॅप दिला आणि तिथेच, आमच्यासमोर, डायमरवरून ३ अँपिअर सोडून व्होल्टेज मोजलं. २३.८ व्होल्ट यायला हवे होते. येईपर्यंत पट्ट्या बदलत राहिले. जास्तीचे पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, “पुढच्या वेळी मिलिहेन्री नका सांगू सर, किती अँपिअरला किती व्होल्ट ते सांगा.” ही ऑर्डर देण्याची योग्य पद्धत आहे.

आता फिल्टर लावून रोटरमध्ये ०.२५ ओम घातले तरी प्रवाह शांत. फिल्टरचा स्विच उघडला की दोलन सुरू, बंद केला की दोन-तीन हेलकाव्यांत विरतं. मुलांनी हे आळीपाळीने कितीतरी वेळा करून पाहिलं. मीही.

८ मार्च

एक गोष्ट टेबलावर दाखवता येत नाही: वारा कमी असताना काय होतं. खरी चक्की मंद वाऱ्यात सिंक्रोनस वेगाच्या (ग्रिडच्या फ्रीक्वेन्सीशी जुळणाऱ्या वेगाच्या) खाली फिरते. आमचा रोटर शॉर्ट असल्याने तो तिथे नेला, तर तो मोटर होऊन वेग पकडू बघतो. म्हणून हे संगणकावर केलं, पायथनमध्ये, साध्या इम्पिडन्सच्या (रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स मिळून होणाऱ्या अडथळ्याच्या) बेरजेने.

अभ्यासात नेहमी वापरले जाणारे २ मेगावॉटच्या मशीनचे पर युनिट (मशीनच्या रेटिंगच्या प्रमाणातले) आकडे घेतले: स्टेटरचा रेझिस्टन्स ०.००४८८, रोटरचा ०.००५४९, दोन्ही लीकेज मिळून ०.१९. लाइन आणि ट्रान्सफॉर्मर मिळून रिॲक्टन्स ०.६४, रेझिस्टन्स ०.०२, कपॅसिटर ०.२५. अनुनाद २७.४ हर्ट्झ. कंट्रोलचा गेन ०.०२ धरला.

जोराच्या वाऱ्यात, रोटर १.२ पटीने फिरत असताना, बेरीज अधिक ०.००३५. दोलन नाही. त्याच चक्कीत, त्याच गेनला, मंद वाऱ्यात रोटर ०.७५ पटीवर आला की बेरीज उणे ०.०४४. गेन शून्य धरला तर दोन्हीकडे अधिक. म्हणजे मोठ्या मशीनमध्ये कपॅसिटर आणि रोटर दोघांनी मिळूनही दोलन होत नाही, कंट्रोल तिसरा येतो तेव्हा होतं. आमच्या ५ एचपीच्या मशीनमध्ये रोटरचा स्वतःचा रेझिस्टन्स मोठा, म्हणून तिथे ते लगेच दिसतं. हा फरक अहवालात लिहिलाच पाहिजे, नाहीतर कोणी आमचे आकडे उचलून चक्कीला लावेल.

चीनमध्ये हेबेई प्रांतातल्या गुयुआन भागात २०११ नंतर असंच दिसत आलं: ५०० केव्हीच्या सिरीज कॉम्पेन्सेटेड लाइन, वारा मंद, आणि प्रवाहात ६ ते ८ हर्ट्झचं दोलन. चाचणी भर वाऱ्याच्या दिवशी घेऊन प्रकल्प पास करणं का पुरत नाही, ते या दोन आकड्यांत आहे.

१६ मार्च

आज टेक्सास.

कपॅसिटरवाल्या लाइनला समांतर दुसरी लाइन जोडली, नुसत्या चोकची, कपॅसिटर नसलेली. मध्ये एमसीबी. फिल्टर काढून ठेवला. रोटरमध्ये ०.१५ ओम.

दोन्ही लाइन चालू असताना सगळं स्थिर. डायमर १५० व्होल्टपर्यंत नेला, डीसी मोटरचा वेग वरखाली केला, काही होत नाही. हा सेट कोणी तपासायला आला असता तर त्याने शेरा दिला असता की व्यवस्थित आहे. मग एमसीबी पाडला. दुसऱ्याच सेकंदाच्या आत प्रवाहाची किनार थरथरायला लागली, बुश खडखडले, रिले पडला.

चक्की तीच, कपॅसिटर तेच, वारा तोच. बदलली ती फक्त जोडणी. समांतर वाट असताना अनुनादाचा प्रवाह वाटला जातो, त्यातला थोडाच रोटरमधून जातो. ती वाट तुटली की सगळा प्रवाह रोटरमधूनच. म्हणून तपासणी एका जोडणीची करून भागत नाही. कोणती लाइन गेली तर प्रकल्प कपॅसिटरच्या टोकाला एकटा उरतो, आणि ती लाइन देखभालीला असताना दुसरी गेली तर काय, हे एकेक करून लिहावं लागतं आणि प्रत्येक वेळी फ्रीक्वेन्सीगणिक बेरीज पुन्हा मांडावी लागते. कंटाळवाणं काम आहे. पण यासाठी चक्की उभी असावी लागत नाही, कागदावर, प्रकल्प जोडण्याआधी करता येतं.

२२ मार्च

फिल्टर परत लावला आणि एमसीबी पाडला. प्रवाह एकदा हलला आणि बसला. रोटरमध्ये ०.१५, मग ०.२५. दोन्ही वेळा तसंच.

या टेबलावर न येणाऱ्या दोलनांबद्दल एक परिच्छेद मुलांकडून लिहून घेतला. ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये वीज पडून ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाली, तेव्हा हॉर्नसी या समुद्रातल्या प्रकल्पाच्या व्होल्टेज कंट्रोलमध्ये दोलन उठलं आणि ७३७ मेगावॉट निघून गेले. त्याच वेळी इतर निर्मितीही गेल्याने फ्रीक्वेन्सी ४८.८ हर्ट्झपर्यंत उतरली आणि दहा लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले. तिथे सिरीज कपॅसिटर नव्हता, आणि दुरुस्ती झाली ती सॉफ्टवेअरमध्ये. अशा दोलनाला आमचा फिल्टर काही करणार नाही. त्याला कंट्रोलचं सेटिंग आणि ग्रिडची ताकद एकत्र बघावी लागते, आणि त्यासाठी रोटरला खरा कन्व्हर्टर लागतो.

पुढच्या बॅचसाठी ठेवलेलं सामान: ७२ रन कपॅसिटर ब्लीडरसकट, लाइनचे चोक, फिल्टरचे तीन गॅपवाले चोक, नायक्रोमचे मोजलेले तुकडे लेबल लावून. मशीन थंड असताना आणि तासभर चालल्यावर सीमारेषा थोडी सरकते, तांब्याचा रेझिस्टन्स ४० अंशांना साधारण १६ टक्के वाढतो. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास मशीन चालवून घ्या आणि नोंदीत तापमान लिहा. डीसी मोटरच्या कपलिंगचे दोन बुश झिजले आहेत, नवीन टाकल्याशिवाय सेट चालू करू नका.